पंखा फिरतोय, मग अलर्ट कसला?

वाचकांचे प्रश्न : नेटवर्क आणि सर्व्हर

उन्हं तापायला लागली की सोलापुरातून येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो, "ताई, मॉनिटरिंग खोटं बोलतंय." मॉनिटरिंग म्हणजे यंत्रांवर नजर ठेवून बिघाड कळवणारं सॉफ्टवेअर. या वेळी त्या एकाच तक्रारीची पत्रं निवडली आहेत. पहिलं उत्तर लांबलंय. त्यात बाकीच्यांच्याही कामाचं बरंच आहे, तेव्हा ते टाळून पुढे जाऊ नका.

प्रश्न : ताई, मी डिप्लोमा करून अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात लागलोय. नेटवर्क, कॅमेरे, प्रिंटर सगळं माझ्याच गळ्यात. माझ्या आधीच्या माणसाने झॅबिक्स नावाचं मॉनिटरिंग बसवून ठेवलंय. मेन स्विचचा 'पॉवर सप्लाय २ खराब' हा अलर्ट कायम लाल असतो. 'फॅन बंद' हा दिवसातून कितीतरी वेळा येतो आणि आपोआप जातो. रॅकपाशी जाऊन बघितलं, फॅन मस्त फिरतोय. मालकांच्या मोबाईलवरही मेसेज जातात. ते म्हणतात, "बंद कर की ते, डोकं उठलंय." काय करू?

उत्तर : अलर्ट बंद करू नकोस. मालकांचा नंबर मात्र आजच्या आज यादीतून काढ. त्यांना 'कारखान्याचं नेटवर्क बंद पडलं' एवढाच मेसेज गेला पाहिजे, फॅनचे फेरे मोजणं त्यांचं काम नाही. एकदा मालकांचा मॉनिटरिंगवरचा विश्वास उडाला की पुढच्या वर्षी नव्या स्विचचे पैसे मागताना तुझंच तोंड दुखेल.

आधी पॉवर सप्लाय. स्विचच्या मागच्या बाजूला जा. सप्लायच्या दोन जागा असतील, एकीत सप्लाय आणि दुसरीवर पत्र्याचं झाकण. माझी पैज आहे की असंच असेल. आता मॉनिटरिंगला बाजूला ठेवून थेट स्विचला विचार. तू मॉडेल कळवलेलं नाहीस, म्हणून सिस्कोचा धरून चालते. स्विचवर लॉगिन करून 'शो एन्व्हायर्नमेंट' ही कमांड दे. मग मॉनिटरिंगच्या मशीनवरून 'एसएनएमपीवॉक' चालवून (एसएनएमपी म्हणजे यंत्रांना त्यांची हालहवाल विचारायची ठरलेली भाषा) त्याच सप्लायचा कच्चा आकडा काढ. दोन्ही उत्तरं कागदावर शेजारी शेजारी लिही. अलर्टमध्ये तिघांचा हात असतो: सेन्सर, त्याचं म्हणणं सांगणारं स्विचमधलं सॉफ्टवेअर, आणि त्या म्हणण्याचा अर्थ लावणारं तुझं झॅबिक्स. तिघांपैकी कोण चुकतंय हे कळायच्या आत कशालाही हात लावायचा नाही.

कोणत्या आकड्याचा काय अर्थ, याची यादी म्हणजे एमआयबी. सिस्कोच्या जुन्या एन्व्हमॉन एमआयबीत सप्लायची आणि फॅनची अवस्था आकड्यात येते. १ म्हणजे ठीक, २ इशारा, ३ गंभीर, ४ शटडाउन, ५ जागेवर नाही, ६ चालत नाही. टेम्प्लेट (झॅबिक्ससाठीचे तयार नियम) लिहिणाऱ्याने बहुतेक सोपा नियम ठेवला असेल, १ नसेल तर लाल. रिकाम्या जागेचं उत्तर येतं ५. स्विचने खरं तेच सांगितलं, झॅबिक्सने 'नाही'चं 'खराब' केलं.

यातच दुसरी गंमत आहे. सिस्कोच्या बऱ्याच नव्या मॉडेलांवर हीच माहिती दुसऱ्या, फ्रू-कंट्रोल नावाच्या एमआयबीतून घ्यावी लागते आणि तिथले आकडे वेगळे आहेत. तिथे सप्लाय २ असेल तर चालू, ८ असेल तर बिघडलेला. फॅन ट्रेचंही तसंच, २ म्हणजे चालू आणि ३ म्हणजे बंद. एकीचे अर्थ दुसरीच्या आकड्यांना लावले की धडधाकट फॅन जन्मभर 'इशारा' दाखवत बसतो. सगळेच्या सगळे फॅन आणि सप्लाय एकाच वेळी पिवळे दिसले तर पहिला संशय इथे घ्यायचा.

तुझ्या बाबतीत दुरुस्ती सोपी आहे, पण एक मेख आहे. आकडा ५ असेल तर दुर्लक्ष कर, असा नियम सरसकट लावू नकोस. आज ज्या जागेवर सप्लाय आहे तिथे उद्या ५ आला तर कोणीतरी तो उपसलाय. झाडलोट करणाऱ्याचा हात लागला असेल, नाहीतर कोणी दुसऱ्या स्विचसाठी काढून नेला असेल. म्हणून रिकाम्या जागेवरचा ट्रिगर, म्हणजे अलर्ट पेटवणारा नियम, बंद ठेव आणि भरलेल्या जागेसाठी 'आधी ५ नव्हता, आता ५ आहे' अशी अट लाव. दुसरा सप्लाय घ्यायचा का, हा विषय मालकांकडे जरूर काढ, पण वेगळ्या दिवशी.

आता फॅन. एसएनएमपीचे प्रश्न यूडीपी या निरोप पाठवायच्या पद्धतीने, १६१ नंबरच्या पोर्टवर जातात. यूडीपीत पोच मिळत नाही. प्रश्न हरवू शकतो, उत्तरही हरवू शकतं. त्यात स्विचच्या प्रोसेसरला एसएनएमपीपेक्षा महत्त्वाची पुष्कळ कामं असतात. त्याच्यावर ताण आला की तुझ्या प्रश्नाचं उत्तर रेंगाळतं. झॅबिक्सला उत्तर मिळालं नाही तर ते स्वतःहून शून्य लिहीत नाही, त्या वेळेचा आकडा मोकळा राहतो. म्हणजे तुझ्याकडे फॅनच्या फेऱ्यांच्या जागी शून्य येत असेल तर ते कोणीतरी मध्ये घालतंय. आधीच्या माणसाने फॅनसाठी स्वतःची स्क्रिप्ट लिहिली आहे का, शोध. उत्तर आलं नाही की शून्य छापणाऱ्या स्क्रिप्ट मी डोळे थकेपर्यंत पाहिल्या आहेत. 'माहीत नाही' आणि 'शून्य' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नॅगिऑसवाल्यांनी (तेही झॅबिक्ससारखंच एक सॉफ्टवेअर) तर त्यासाठी वेगळा खणच ठेवलाय: ० ओके, १ वॉर्निंग, २ क्रिटिकल आणि ३ अननोन. उत्तर नाही आलं तर ३ द्यायचा, २ नाही.

हे ताडून बघायची युक्ती सांगते. अलर्ट ज्या मिनिटाला आला, त्याच मिनिटाचे त्या स्विचचे बाकीचे आलेख उघड. पोर्टवरची वर्दळ, मेमरी, तापमान, सगळीकडे त्याच जागी खाडा दिसला तर उत्तर हरवलंय, फॅनचा काही दोष नाही. बाकी सगळे आलेख सलग आहेत आणि फॅनच तेवढा शून्यावर आपटलाय, तर फॅनकडे बघ. खाडे रोज ठरावीक वेळी पडत असतील तर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग किंवा बॅकअप त्या वेळी चालतो का, पाहा.

खाडेच निघाले तर टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, थोडा वाढव आणि विचारण्याची घाई कमी कर. फॅनची अवस्था दर पाच मिनिटांनी विचारली तरी पुरते, दर अर्ध्या मिनिटाला विचारून तो जास्त फिरत नाही. ट्रिगरही बदल. शेवटच्या तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आकडासुद्धा शून्य असेल, तरच लाल. नॅगिऑसमध्ये हीच गोष्ट सॉफ्ट आणि हार्ड अवस्थांनी होते. तिथे ठरवलेल्या संख्येइतके तपास ओळीने फसल्याशिवाय निरोप जात नाही.

इतकं करूनही स्क्रिप्टचा दोष नाही, खाडे नाहीत, तरी अलर्ट येतोच, असं झालं तर स्विचच्या फर्मवेअरचा (म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) नंबर घे आणि कंपनीच्या रिलीज नोट्समध्ये 'फॅन' शब्द शोध. फॅनची अवस्था चुकीची सांगणारे दोष जवळपास सगळ्याच कंपन्यांच्या फर्मवेअरमध्ये कधी ना कधी निघाले आहेत आणि पुढच्या आवृत्तीत सुधारले गेले आहेत.

आणि आता जे सांगते ते टॉवेल कारखान्यापुरतंच. रॅक कुठे आहे? मागाच्या शेडला लागून असेल तर सुताचे तंतू हवेतून थेट फॅनमध्ये जातात. जाळीवर थर बसतो, पात्यांच्या मुळाशी गुंता होतो. फॅन फिरताना दिसतो, पण दमलेला असतो. डोळ्याला ते कळत नाही, आकड्याला कळतं. गेल्या दोन महिन्यांचा फेऱ्यांचा आलेख काढ. रेघ सरळ असून मध्येच खड्डे असतील तर अलर्ट खोटा. रेघच हळूहळू खाली उतरत असेल, किंवा तापमान तेच असताना फॅन दिवसेंदिवस जास्त वेगाने पळत असेल, तर अलर्ट खरा आहे. स्विच बंद करायची रीतसर परवानगी घेऊन जाळी साफ कर. ब्लोअर मारताना पात्याला बोटाने धरून ठेव, नाहीतर हवेच्या झोताने ते नको तेवढं गरगरतं आणि बेअरिंग जातं.

प्रश्न : आमचं सात रस्त्याजवळ हॉस्पिटल आहे. परवा मध्यरात्री मॉनिटरिंगने 'मुख्य राउटर रीस्टार्ट झाला' असं कळवलं. ड्युटीवरच्या कोणालाही नेट गेल्याचं जाणवलं नाही, वीजही गेली नव्हती. राउटर बदलावा लागेल का?

उत्तर : नाही. राउटर आधी कधी सुरू केला होता ते आठवून बघा, किंवा जुन्या नोंदीत शोधा. साधारण एक वर्ष चार महिने झाले असतील.

यंत्र सुरू होऊन किती वेळ झाला हे सांगणारा 'सिसअपटाइम' नावाचा आकडा मॉनिटरिंग वाचतं. तो सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो आणि ३२ बिटांत बसवलेला आहे. ४,२९,४९,६७,२९५ च्या पुढे त्याला जागा नाही. ४९७ दिवस आणि काही तास झाले की तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मॉनिटरिंगला दिसतं एवढंच की काल मोठा असलेला आकडा आज लहान झाला, म्हणजे यंत्र नुकतंच सुरू झालं.

खात्री करायला राउटरवर लॉगिन करून थेट अपटाइम विचारा. तिथे ४९७ दिवस किंवा त्याहून जास्त दिसले की प्रश्न मिटला. पुढच्यासाठी 'एसएनएमपी इंजिन टाइम' हा आकडा जोडीला घ्या. तो पूर्ण सेकंदात असतो, त्यामुळे इतक्या लवकर भरत नाही. लिनक्स सर्व्हरच्या बाबतीत आणखी एक खोड आहे. तिथला सिसअपटाइम सर्व्हरचा नसून एसएनएमपी सेवेचा असतो. कोणी ती सेवा बंद-चालू केली तरी 'सर्व्हर रीस्टार्ट' असा मेसेज येतो. तिथे 'एचआर सिस्टिम अपटाइम' वापरा.

राउटर बदलू नका, पण एक विचारते. ४९७ दिवस जो बंदच झाला नाही, त्याचं फर्मवेअर तरी शेवटचं कधी अपडेट केलं? हॉस्पिटलात ते मला जास्त काळजीचं वाटतं.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या बार्शी शाखेतल्या राउटरचं तापमान ४१५ अंश दाखवतंय. शिपाई हात लावून आला, म्हणाला, "कोमट आहे."

उत्तर : शिपायाचं बरोबर आहे. ४१५ अंशांवर राउटर मेणासारखा वितळला असता.

बरीच उपकरणं तापमान दशांश चिन्हाशिवाय पाठवतात, आणि चिन्ह कुठे द्यायचं ते वेगळ्या रकान्यात सांगतात. २००२ साली आलेल्या एंटिटी-सेन्सर एमआयबीत दोन रकाने आहेत, स्केल आणि प्रिसिजन. स्केल ९ म्हणजे एकक, ८ म्हणजे हजारावा भाग. प्रिसिजन १ म्हणजे एक दशांश स्थळ. तुमचा आकडा आहे ४१.५. टेम्प्लेटमध्ये ०.१ ने गुणायची पायरी घाला. शाखेत दुसऱ्या कंपनीचा राउटर असेल तर त्याला तीच पायरी आंधळेपणाने लावू नका, नाहीतर तो ४.१ दाखवेल आणि आग लागली तरी तुम्ही थंड.

२५५, १२७ किंवा उणे १२८ असे आकडे अचानक आले तर ते तापमान नसतं. एका बाइटमध्ये मावणाऱ्या मोजणीची ती टोकं आहेत. सेन्सर वाचताच आला नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा.

हे दुरुस्त केलं की तुमचा पुढचा फोन येणार: "ताई, ४१.५ सुद्धा लालच दिसतंय." मर्यादा ४० ठेवली असेल. अशा मर्यादा बहुतेक वेळा थंडीत, गड्ड्याच्या यात्रेच्या सुमाराला यंत्र बसवताना ठरतात, आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे बाहेरचा पाराच चाळिशी ओलांडतो. सेन्सरचं नाव वाचा. तो हवा आत घेणाऱ्या बाजूचा आहे की प्रोसेसरशेजारचा? ॲशरे या अमेरिकी संस्थेने सर्व्हर रूमसाठी १८ ते २७ अंशांची शिफारस केली आहे, पण ती आत जाणाऱ्या हवेसाठी आहे. प्रोसेसरजवळ ६० अंश असणं अगदी रोजचं. सेन्सरची मर्यादा बऱ्याचदा उपकरणाने स्वतःच दिलेली असते, तीच उचला. आतल्या हवेचा सेन्सर मात्र मे महिन्यात ४१ दाखवत असेल तर मर्यादा वाढवून स्वतःची समजूत घालू नका. एसी दुरुस्त करा, नाहीतर निदान राउटरवर ठेवलेले रजिस्टरचे गठ्ठे तरी हलवा. (ते आहेत, मला माहीत आहे. प्रत्येक शाखेत असतात.)

प्रश्न : विजापूर रोडवरच्या आमच्या कॉलेजात ऑप्टिकल पोर्टवर 'प्रकाश उणे ४० डीबीएम, गंभीर' असे ढीगभर अलर्ट आहेत. फायबर तुटली म्हणावं तर सगळे विभाग चालू आहेत.

उत्तर : ते पोर्ट रिकामे आहेत. मॉड्यूल (फायबर जोडायचा सुटा भाग) बसवून ठेवलंय, फायबर लावलेली नाही. डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं माप, आकडा जितका उणे तितका प्रकाश कमी. मॉड्यूलची मोजपट्टी ०.१ मायक्रोवॅटच्या पायऱ्यांची असते आणि ०.१ मायक्रोवॅट म्हणजेच उणे ४० डीबीएम. प्रकाश अजिबात नसला की बरीच यंत्रं तोच तळाचा आकडा दाखवतात. ट्रिगरला अट जोडा: पोर्ट ॲडमिनने चालू ठेवलेला असेल तरच. मग न वापरलेले पोर्ट स्विचवर रीतसर शटडाउन करा. ते तसंही करायला हवं, कॉलेजात तर नक्कीच.

चालू पोर्टवर उणे ४० दिसला तर मात्र धावा. १० गिगाबिटच्या एलआर (लांब पल्ल्याच्या) मॉड्यूलला उणे १४.४ पर्यंतचा प्रकाश पुरतो. उणे ८ वर असलेला पोर्ट महिन्याभरात उणे १३ वर आला असेल तर तो अजून हिरवाच दिसेल, पण कनेक्टर पुसायची वेळ झालेली आहे.

प्रश्न : नमस्कार मॅडम. चिंचोळी एमआयडीसीत माझं युनिट आहे. यूपीएसच्या बॅटऱ्या नुकत्याच नव्या टाकल्या, तरी 'बॅटरी बदला' येतंय. शिवाय दिवसभर 'यूपीएस असामान्य' असा मेसेज. विकणाऱ्याने फसवलं का?

उत्तर : नमस्कार मालक. फसवलंच असेल असं नाही, आधी दोन गोष्टी तपासून घ्या.

'बॅटरी बदला' हे बऱ्याच यूपीएसमध्ये मागच्या सेल्फ-टेस्टच्या निकालावरून किंवा आत नोंदवलेल्या बॅटरीच्या तारखेवरून ठरतं. नव्या बॅटऱ्या आल्या हे त्याला कोणी सांगितलेलं नाही. बॅटऱ्या पूर्ण चार्ज होऊ द्या, मेनूमधून तारीख बदला, सेल्फ-टेस्ट चालवा. एवढ्यावर मेसेज जायला हवा. नाही गेला तर प्रत्येक बॅटरीचं व्होल्टेज वेगवेगळं मोजायला सांगा, आणि ते मोजताना तुम्ही शेजारी उभे राहा. एखादी जुनी मिसळलेली असेल तर तिथे उघडी पडेल.

'असामान्य'चं कारण वेगळं आहे. यूपीएससाठी १९९४ सालची एक प्रमाण एमआयबी आहे. यूपीएस वीज कशी देतोय हे त्यात आकड्याने कळतं: ३ म्हणजे नेहमीसारखी, ४ बायपास, ५ बॅटरीवर, ६ व्होल्टेज वाढवून, ७ व्होल्टेज उतरवून. तुमच्याकडे दुपारी सगळ्यांच्या मोटारी चालू झाल्या की दाब पडतो आणि यूपीएस ६ वर जातो. तो त्याचं कामच करतोय. मॉनिटरिंगने मात्र ३ सोडून सगळ्याला असामान्य ठरवलंय. ५ ला लगेच अलर्ट ठेवा, ४ लाही ठेवा, कारण बायपासवर बॅटरीचं संरक्षण नसतं. ६ आणि ७ ची नुसती नोंद ठेवा, मेसेज नको. ती नोंद महिनाभर जमली की वायरमनला दाखवा. दिवसाचे पाच-सहा तास ६ असेल तर तुमच्या लाइनचं काहीतरी बघावं लागेल.

प्रश्न : ताई, माझा नवी पेठेत फोटो स्टुडिओ आहे. फोटो ठेवायच्या डब्याला चार डिस्क आहेत. एकीवर 'सीआरसी एरर' आल्या म्हणून केबल बदलली, तरी इशारा तसाच आहे. डिस्क फेकू का?

उत्तर : फेकू नका. स्मार्ट म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या आकड्यांची ठेवते ती यादी. त्यातला १९९ नंबरचा हा आकडा डिस्क आणि कंट्रोलर यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो. दोष बहुतेक वेळा केबलचा किंवा कनेक्टरचाच असतो, आणि तो तुम्ही काढलात. पण हा आकडा फक्त चढतो, केबल बदलली म्हणून खाली येत नाही. आज किती आहे ते लिहून ठेवा आणि इशारा 'वाढला तर' असा करून घ्या. लग्नसराईत भरपूर फोटो टाकूनही तो तेवढाच राहिला तर डिस्क ठणठणीत आहे.

त्याच यादीत ५ आणि १९७ हे नंबरही बघा, ते डिस्कवरच्या बिघडलेल्या किंवा संशयित जागा मोजतात. त्यांतला एखादा शून्यावरून सरकला असेल आणि पुढे वाढतच असेल तर नवी डिस्क मागवा, आणि ती येईपर्यंत या डब्यावरचं सगळं दुसरीकडे कॉपी करून ठेवा.